चैत्री चुकली त्या दिवशी



आधी कबुली देतो, मग पुढचे सांगतो. यंदाची चैत्री वारी माझी चुकली. सोळाव्या वर्षी आळंदीला विद्यार्थी म्हणून पाटीवर बसलो, तेव्हापासून चैत्र शुद्ध एकादशीला चंद्रभागेच्या वाळवंटात माझे पाय लागले नाहीत असे घडले नव्हते. महामारीत मंदिराचे दार बंद होते ती दोन वर्षे तेवढी वेगळी. यंदा मात्र दार उघडे होते, गाड्या सुरू होत्या, आणि मी पंढरीत नव्हतो. त्या दिवशी मी आयर्लंडच्या पार उत्तर टोकाला, समुद्राच्या कडेने जाणाऱ्या एका रस्त्यावर मोटारीत बसलो होतो. गाडी माझी मुलगी चालवत होती.

प्रवासवर्णन लिहावे असा माझा पिंड नाही. पन्नास वर्षे नारदाच्या गादीवर उभा राहिलो ते संतांचे बोलणे पोचवायला. दोन वर्षांपूर्वी गळ्याने साथ सोडली, वैद्यांनी मोठ्याने बोलायला बंदी केली, तेव्हा कीर्तन थांबले आणि लेखणी हातात आली. पण त्या रस्त्यावर एक जुना हिशेब फिटला. तो हिशेब मी गादीवरून, चारशे माणसांसमोर वाढवला होता. म्हणून तो फिटल्याचेही चार माणसांसमोर सांगितले पाहिजे.

मुलगी बेलफास्टच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. बारा वर्षे झाली तिला तिकडे जाऊन. तिची आई २०२१ च्या वैशाखात गेली. महामारीची दुसरी लाट होती. भारतातून येणाऱ्यांना त्या देशाने लाल यादीत टाकले होते. इकडे यायचे तर परत जाताना दहा दिवस कोंडून घ्यायचे, आणि तिच्या रुग्णालयात तर माणसे आधीच कमी पडत होती. ती आली नाही. येऊ शकली नाही, असे आज लिहितो. तेव्हा मात्र माझ्या मनात ‘आली नाही’ एवढेच शब्द होते.

पुढच्या माघात गावच्या सप्ताहात माझे कीर्तन झाले. मी पुंडलिकाचे आख्यान लावले. आईवडिलांची सेवा, वीट, ताटकळत उभा राहिलेला देव. श्रोते रंगले. मग मी दृष्टांत दिला. म्हटले, “आजचे पुंडलिक कुठे आहेत? सातासमुद्रापलीकडे पौंड मोजत बसलेत. इकडे आई शेवटचा श्वास घेते आणि तिकडून फोन येतो, मला सुट्टी नाही.” मंडपात बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मृदंगावर थाप पडली. मला वाटले, कीर्तन उभे राहिले.

गावातली पोरे ते कीर्तन मोबाइलवरून दाखवत होती, आणि माझी लेक तिकडे रात्रपाळीहून येऊन ते ऐकत होती. हे मला महिनाभराने कळले. ती काही बोलली नाही. फोन पूर्वीसारखाच दर रविवारी येई. फक्त त्यातले बोलणे आटले. जेवलात का, गोळ्या घेतल्यात का, बरं ठेवते. आटलेल्या विहिरीत पोहरा टाकल्यावर जो आवाज येतो ना माउली, तसा तो फोन वाटायचा.

यंदा तिनेच तिकीट पाठवले. “गळ्याचं तिकडच्या डॉक्टरांना दाखवू, आणि थोडं फिराल,” म्हणाली. मी पंचांग पाहिले. चैत्री मधेच येत होती. नाही म्हणावे असे ओठांवर आले होते. पण नेमाच्या आड लपून मी तिला टाळतो आहे, हे मला ठाऊक होते आणि पांडुरंगालाही. मी गेलो.

एकादशीला तिला सुट्टी होती. पहाटे तिने साबुदाण्याची खिचडी केली, राजगिऱ्याचे लाडू डब्यात भरले, माझ्या कपाळाला गोपीचंदन लागलेले पाहिले आणि म्हणाली, “चला अण्णा, समुद्राकडेने जाऊ.”

बेलफास्टच्या उत्तरेला लार्न नावाचे बंदर आहे. तिथून पुढे अँट्रिमचा सागरी रस्ता सुरू होतो. वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने धावतात. उजव्या हाताला समुद्र इतका जवळ, की भरतीला तुषार काचेवर यावेत. डाव्या हाताला सरळ उभे कडे. दोनशे वर्षांपूर्वी या भागात धड रस्ता नव्हता. डोंगरातून नऊ दऱ्या समुद्राकडे उतरतात, त्या दऱ्यांतल्या लोकांना बैलगाडीच्या चढाने आपल्याच देशातल्या बाजाराला जाण्यापेक्षा होडीत बसून समोरच्या स्कॉटलंडला जाणे सोपे पडे. १८३२ साली विल्यम बाल्ड नावाच्या स्कॉटिश अभियंत्याने हे काम हाती घेतले. रस्ता डोंगरावरून न्यायचा नाही, असे त्याने ठरवले. सुरुंग लावून कड्याचा दगड खाली समुद्रकाठावर पाडला आणि त्या पडलेल्या दगडावरच रस्ता बांधला. दहा वर्षे काम चालले. पहारी आणि घण त्या दऱ्यांतल्याच लोकांनी चालवले.

आपण वारकरी दिवेघाट चढतो तेव्हा घाट कोणी फोडला हे विचारीत नाही. पायाखालच्या प्रत्येक वाटेवर कोणाचा तरी घाम आहे. मी गाडीतूनच त्यांना हात जोडले. लेकीने पाहिले, बोलली नाही, पण गाडी जरा सावकाश केली.

पुढे कड्याचे रूप पाहून मी तिला थांबायला सांगितले. खाली पांढराशुभ्र चुनखडक आणि त्याच्यावर काळाकुट्ट पाषाण. मधे रेघ ओढल्यासारखी. गोपीचंदन लावून वर बुक्का टेकवलेले एखाद्या वृद्ध वारकऱ्याचे कपाळ असावे, तसा तो डोंगर. मी हे बोललो, तेव्हा मुलगी बऱ्याच दिवसांनी हसली.

तिकडे नुकता वसंत लागला होता. आपल्याकडे चैत्रात पळस विझत आलेला असतो, कैऱ्या धरतात, वाळवंट तापते. तिकडे अंगात दोन स्वेटर होते, पण डोंगर पिवळे झाले होते. गॉर्स नावाचे काटेरी झुडूप आहे, बाभळीच्या फुलासारखा त्याचा रंग. जवळ जाऊन वास घेतला आणि दचकलो. ओल्या खोबऱ्याचा वास! देवापुढे नारळ वाढवावा आणि गाभाऱ्यात जो दरवळ सुटतो तो, त्या परमुलखातल्या काट्यांतून येत होता. मी तिथेच मनातल्या मनात नैवेद्य दाखवला.

दुपारी एका लहानशा बंदरावर बाकावर बसून फराळ केला. खिचडीतला बटाटा उचलून मी म्हटले, “तुमच्या या देशात उपासाची चैन आहे, जिकडे तिकडे बटाटा.” तशी ती गंभीर झाली. म्हणाली, “अण्णा, याच बटाट्यानं या देशाचा घात केला.” आणि तिने मला तिकडच्या महादुष्काळाची हकिगत सांगितली. गरिबांचे पोट सगळे बटाट्यावर. १८४५ साली त्या पिकावर करपा पडला आणि पुढे वर्षानुवर्षे पडत राहिला. सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि रोगराईने गेली, तितकीच देश सोडून गेली. १८४१ साली त्या बेटावर ऐंशी लाखांहून अधिक माणसे होती. एवढी लोकसंख्या आजही तिथे भरलेली नाही. आणि माणसे मरत असताना त्याच देशाच्या बंदरांतून धान्य बाहेर जात होते.

माझा घास हातात राहिला. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचे आख्यान मी किती वेळा सांगितले असेल! दुष्काळात कोठारांची दारे उघडणारा एक माणूस. तुकोबांनी तर दुष्काळ स्वतःच्या घरात सोसला. कोठारे असतात, धान्य असते, कमी पडतो तो दामाजी. हे काही एकट्या मंगळवेढ्याचे दुःख नाही.

मग ती म्हणाली, “इथं एक रीत होती. घरातलं पोर अमेरिकेला निघालं की आदल्या रात्री सगळा गाव त्याच्या घरी जागायचा. माणूस मेल्यावर जागतात तसा. गाणी, रडणं, सगळं. कारण गेलेला परत दिसणार नाही हे ठाऊक असायचं.” थोडी थांबली. “मी निघाले त्या रात्री आईही झोपली नव्हती. माझ्या उशाशी बसून हळू आवाजात हरिपाठ म्हणत होती. तुम्ही कीर्तनाला गेला होतात.”

हे तिने तक्रार म्हणून सांगितले नाही. होते तसे सांगितले. मी समुद्राकडे पाहत राहिलो.

कुशेनडनच्या पुढे मोठा रस्ता सोडून तिने टॉर हेडची आडवाट धरली. अरुंद, एकीकडे चढ, दुसरीकडे खोल पाणी. स्वच्छ दिवस होता. वीस-बावीस किलोमीटरवर स्कॉटलंडचा किनारा दिसत होता, त्यावरचे डोंगरसुद्धा मोजता येत होते. एका वळणावर गाडी थांबली. समोर मेंढ्या. पन्नास-साठ तरी असतील, आणि त्यांच्या पोटाशी नुकती जन्मलेली कोकरे. मागे एक म्हातारा धनगर, बरोबर काळेपांढरे कुत्रे. कुत्रे धावले तशा मेंढ्या पांगल्या, आमच्या गाडीला दोन्ही अंगांनी वळसा घालून पुढे निघाल्या.

माउली, तुम्ही तुकोबांच्या पालखीबरोबर चालला असाल तर काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण पाहिले असेल. पालखीभोवती मेंढ्या धावतात आणि आपले भान हरपते. इथे पालखी नव्हती, पताका नव्हती, टाळ नव्हता. पण गाडी मधे उभी आणि सभोवती मेंढरे. मला उगाच नाही वाटत की पांडुरंगाने मला तिथे रिंगणात उभे केले. याच जिल्ह्यात स्लेमिश नावाचा डोंगर आहे. संत पॅट्रिक लहानपणी पळवून आणलेला गुलाम म्हणून तिथे मेंढ्या राखत होता आणि राखता राखता देवाला आळवत होता, असे तिकडचे लोक सांगतात. सावता माळ्यांनी मळ्यात केले, ते त्याने कुरणात केले. धनगराने आम्हाला पाहून टोपीला हात लावला. मी हात जोडले.

इंजिन बंद होते. कोकरांच्या ओरडण्याखेरीज आवाज नव्हता. आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, असे मला वाटले.

मी म्हटले, “बाळ, त्या माघातल्या कीर्तनात मी तुझं नाव घेतलं नाही. पण बोललो ते तुलाच. ते खोटं होतं.”

तिने स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. बराच वेळ समोर पाहत होती. मग म्हणाली, “अण्णा, आई गेली त्या रात्री मी ड्युटीवर होते. माझ्याकडे एक आजी होत्या. त्यांची मुलगी याच गावात, दहा मिनिटांवर राहायची, पण तिलाही आत सोडत नव्हते. मी त्या आजींचा हात धरून बसले होते. मनात एवढंच होतं, की तिकडे आईचाही कोणी तरी धरला असेल.”

आणि मग तिने विचारले, “धरला होता का हो कोणी?”

माउली, या प्रश्नाने मला उभा चिरला. कारण मीही आत नव्हतो. मलाही कोणी आत सोडले नव्हते. रुग्णालयाच्या फाटकाबाहेर लिंबाच्या झाडाखाली मी तीन दिवस बसून होतो. चौथ्या पहाटे आतल्या परिचारिकेचा फोन आला. केरळची मुलगी, मोडके मराठी बोलायची. म्हणाली, “आजोबा, आजी शांत गेल्या. मी जवळ होते. हात सोडला नाही.” तिचे नावसुद्धा मी विचारले नाही. मंडपात उभे राहून मी दूरदेशी गेलेल्या लेकीबाळींना दूषणे दिली, तेव्हा माझ्या बायकोच्या शेवटच्या घटकेला तिच्याजवळ असलेली एकमेव व्यक्ती ही घरदार सोडून दूर आलेली कोणाची तरी लेकच होती, हे मी विसरलो होतो. विसरलो होतो म्हणणेही खोटे. दृष्टांत रंगावा म्हणून मी ते झाकले होते.

मी लेकीला सगळे सांगितले. “धरला होता,” म्हटले. “सोडला नव्हता.” तिने मान स्टिअरिंगवर टेकली आणि तीन वर्षांपेक्षा जास्त काळ अडलेले रडू तिथे मोकळे झाले. मेंढ्या केव्हाच पुढे गेल्या होत्या.

तिसऱ्या प्रहरी आम्ही जायंट्स कॉजवेला पोचलो. राक्षसाने बांधलेला सेतू असा त्याचा अर्थ. फिन मॅकूल नावाच्या वीराने स्कॉटलंडला जायला तो रचला अशी लोककथा आहे. आपल्याला सेतूची कथा नवी नाही. सुमारे चाळीस हजार खांब समुद्रात उतरत गेलेले, बहुतेक सहा कोनांचे, घडवून बसवल्यासारखे. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होताना आकसला, तडकला, आणि हे खांब झाले. १९८६ पासून त्याला जागतिक वारशाचा मान आहे. तो दगड कोणता, तर बसाल्ट. आपला सह्याद्री ज्याचा घडला तोच. वयाने सह्याद्री थोडा थोरला. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे, तिथे याच जातीचे उभे खांब आजही पाहता येतात. आमच्या गावच्या विठ्ठल मंदिराची पायरीही याच काळ्या दगडाची आहे.

गुडघे कुरकुरत होते, पण लेकीने हात धरून मला खाली नेले. एका खांबावर मी कपाळ टेकवले. पंढरीला पायांवर डोके ठेवतो तेव्हा जो गारवा कपाळाला लागतो, तो लागला. लोक पाहत होते, पाहू देत. मी देवाला म्हटले, वारी चुकली ती चुकली. तिचा बदला म्हणून हे दर्शन मी मांडून ठेवत नाही. नेम मोडला त्याचा दोष माझ्याकडे. पण माझी दुसरी एक चूक तू आज दुरुस्त करून घेतलीस, तेवढे तुझे ऋण वाढले.

पुंडलिकाची कथा आपण सगळे जाणतो. पण मी आयुष्यभर तिचा उत्तरार्ध रंगवला. पूर्वार्धातला पुंडलिक काशीच्या वाटेवर आहे, म्हातारे आईबाप धडपडत मागे चालले आहेत, आणि तो आपण तीर्थाला निघालो याच तोऱ्यात आहे. कुक्कुट मुनींच्या आश्रमात मळलेल्या नद्या सेवा करून उजळताना पाहिल्या, तेव्हा त्याचे डोळे उघडले. त्या माघातल्या कीर्तनात तोऱ्यातला पुंडलिक माझी मुलगी नव्हती. ती तर परक्यांच्या आईबापांची रात्र रात्र सेवा करत होती. तोऱ्यातला पुंडलिक गादीवर उभा होता. फेटा बांधून, टाळकऱ्यांच्या मधे.

तरुण कीर्तनकारांनो, तुम्हाला हात जोडून एक सांगतो. दृष्टांत देताना समोरचे डोळे ओले झाले म्हणजे तो खरा ठरतो असे नाही. मंडपाच्या शेवटच्या खांबाशी कोण बसले आहे, आणि आता तर मोबाइलच्या पलीकडे कोण ऐकते आहे, याचा विचार करा. ज्याचे दुःख तुम्हाला पुरते ठाऊक नाही, त्याला दृष्टांतात ओढू नका. आणि त्या सप्ताहातल्या श्रोत्यांपैकी कोणी हे वाचत असेल, ज्यांची लेकरे दूर आहेत असे कोणी आईबाप, किंवा दूर असलेली लेकरे, तर मी तो दृष्टांत परत घेतो. गादीवरून दिला होता, गळा असता तर गादीवरूनच परत घेतला असता.

परतताना संध्याकाळ सरता सरत नव्हती. तिकडे चैत्रात आठ वाजेपर्यंत उजेड असतो. हरिपाठाची वेळ झाली तसा मी सवयीने सुरू केला. दुसऱ्या अभंगाला माझा आवाज फाटला आणि बसला. मी थांबलो. गाडीत क्षणभर शांतता. मग पुढचे चरण लेकीने उचलले. नजर रस्त्यावर, दोन बोटांनी स्टिअरिंगवर टाळाचा ठेका. एकही अक्षर चुकले नाही. सत्तावीसच्या सत्तावीस अभंग तिने म्हटले. चाल माझी नव्हती. तिच्या आईची होती.

मी नुसता ऐकत होतो. पन्नास वर्षांत मी श्रोता असा पहिल्यांदाच झालो.

आषाढीला येतोच आहे. वाळवंटात भेटू.

राम कृष्ण हरी.